जुन्या नौकेची डागडुजी

सुरत म्हटली म्हणजे मराठी वाचकाच्या मनापुढे प्रथम दोन साले उभी राहतात. १६६४ चा जानेवारी आणि १६७० चा ऑक्टोबर. शिवछत्रपतींनी ही पेठ दोनदा लुटली, हे आपण शाळेच्या बाकावर शिकलो आणि त्या हकीकतीचा अभिमान आजवर बाळगीत आलो. तथापि लुटण्याजोगे एवढे द्रव्य त्या एका नगरात आले कोठून, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. त्याचे उत्तर तापीच्या मुखाशी आहे. मक्का, बसरा, मोखा, अचीन अशा दूरदूरच्या बंदरांशी व्यवहार करणारी जहाजे सुवाळीच्या नांगरवाड्यात उभी राहत, आणि त्यांच्या पोटातून उतरलेला माल लहान मचव्यांतून नदीने शहरात येई. व्यापाऱ्यांची नावे इतिहासाने थोडीबहुत जपली. मुल्ला अब्दुल गफूर हा सुरतेचा जहाजमालक १७१८ साली मरण पावला, तोवर त्याची स्वतःची गलबते एखाद्या लहानशा आरमाराएवढी झाली होती. पण ती गलबते ज्यांनी बांधली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्यांनी ती वर्षानुवर्षे तरती ठेवली, त्या सुतारांविषयी आपल्याला फारसे ठाऊक नाही. प्रस्तुत लेखात आम्हांस बोलावयाचे आहे ते त्यांच्याविषयी.

हा विषय केवळ जुन्या दप्तरातला नव्हे. आजही एखादा हौशी गृहस्थ कोणीतरी टाकून दिलेली मोटारबोट स्वस्तात विकत घेतो, बैलगाडीवर नाहीतर ट्रकवर घालून घरी आणतो, अंगणात ओंडक्यांवर चढवितो आणि सुटीचे दिवस तिच्या डागडुजीत घालवितो. खंभातच्या आखाताच्या पश्चिम काठावर अलंग येथे १९८३ पासून जगभरची जहाजे मोडण्याचा धंदा चालतो. तेथील रस्त्याच्या कडेच्या वखारींत कपाटे, खाटा, भांडी यांच्या जोडीला जहाजांवरच्या लाइफबोटीही विक्रीस असतात, आणि त्यांत बहुधा डिझेल इंजिनही असते. घेणाऱ्याला शेजारी विचारतात : "या सांगाड्यात एवढा पैसा कशाला ओतता? नवी का घेत नाही?" प्रश्न साधा दिसतो. परंतु त्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. जुनी नौका कधी मरते, आणि ती पुन्हा उभी केली तर ती तीच राहते काय?

सुरतेच्या सुतारांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या कामातून दिलेले आहे. डच आरमारातील अधिकारी स्टाव्होरिनस हा अठराव्या शतकाच्या आठव्या दशकात सुरतेस येऊन राहिला होता. येथील जहाजे कशी बांधतात याचे त्याने बारकाईने वर्णन करून ठेवले आहे. युरोपात दोन फळ्या कडेला कड लावून बसवीत आणि मधल्या फटीत ताग व डांबर ठोकून भरीत. सुरतेस तसे करीत नसत. येथे एका फळीच्या कडेला खाच आणि दुसरीला त्या खाचेत बसणारी कड काढीत. बसविलेल्या फळीच्या कडेवर शेंदूर फाशीत, दुसरी फळी तिच्यावर दाबून पुन्हा उचलीत आणि जेथे जेथे शेंदूर उमटला असेल तेथील उंचवटा तासून काढीत. दोन्ही कडा सर्वत्र सारख्या टेकेपर्यंत हे पुनःपुन्हा चाले. मग त्यांवर एक प्रकारचा चिकट लेप देऊन कापसासारख्या तंतूंचा पातळ थर घालीत आणि फळ्या अशा घट्ट जोडीत की सांधा डोळ्यांना दिसू नये. खिळेही आरपार ठोकून आतल्या बाजूस टोक वळवून पुन्हा लाकडात बसवीत. देवाच्या मूर्तीला आपण जो शेंदूर लावतो तो शिशाचाच एक प्रकार. त्याच शेंदराने सुरतेचा सुतार लाकडातले खोटेपण शोधून काढी.

अशी बांधणी असल्यावर जहाज शंभर वर्षे टिकते असे त्या काळचे प्रवासी लिहितात, यात नवल नाही. या दीर्घायुष्याचे श्रेय बहुतेक जण सागवानाला देतात, आणि ते काही अंशी खरेही आहे. डांगच्या रानातला साग हा या किनाऱ्याचा मोठा ठेवा होता. पुढे १८४२ मध्ये इंग्रजांनी ते रान भाडेपट्ट्याने घेतले ते याच सागासाठी, आणि बिलिमोऱ्याहून वघईपर्यंत १९१३ साली अरुंद रूळ टाकण्यात आले तेही याच कारणाने. सागात तेल असते, ते लाकूड कुजण्यास विरोध करते आणि ओकप्रमाणे लोखंडी खिळ्याला झपाट्याने खातही नाही. परंतु केवळ साग असल्याने जहाज शंभर वर्षे टिकत नाही. त्याच सागाची नौका एखाद्या खाडीच्या चिखलात दुर्लक्षित पडू द्या. काही वर्षांतच तिचा वरचा भाग उन्हाने भेगाळतो, पावसाचे गोडे पाणी आत साचून फळ्यांची टोके सडू लागतात, आणि खारे पाणी मिळेल तेथे जहाजाचा किडा लाकडात बोगदे पाडीत जातो. या किडीला किडा म्हणतात खरे, पण वस्तुतः तो शिंपल्यांच्या जातीचा प्राणी आहे. तो बाहेरून टाचणीएवढे छिद्र करून शिरतो आणि आत बोटाएवढा वाढतो, म्हणून वरून धडधाकट दिसणारी फळी आतून पोकळ असू शकते. तात्पर्य, शंभर वर्षे टिकत असे ते जहाज नव्हे. शंभर वर्षे टिकत असे ती त्या जहाजाची निगा.

ही निगा आपल्या कोकणी किनाऱ्याला परकी नाही. पावसाळा तोंडावर आला की होड्या वर ओढतात आणि झापांनी शाकारतात. घर शाकारावे तशीच होडी शाकारावी, हा शब्दप्रयोगच किती बोलका आहे! नारळी पौर्णिमेला दर्या शांत होण्यापूर्वी खालचा भाग खरवडून, चुना व तेल यांचा लेप देऊन, सांधे पुन्हा भरून घेतात. सांधे भरणाऱ्या कारागिराला आपल्या बंदरी भाषेत 'कालापत्ती' म्हणत. हा शब्द पोर्तुगीज 'कलाफाते'वरून आला असे कोशकार मानतात. नाखवा फारसीतून आला, सुकाणू अरबीतून आले, कालापत्ती पोर्तुगीजांकडून आला. दर्यावर्दी माणसाची भाषाही त्याच्या नौकेसारखीच आहे. निरनिराळ्या बंदरांच्या फळ्या तिच्यात बसविलेल्या आहेत, आणि तरीही ती आपलीच आहे.

आता इतिहासाकडे वळू. १७३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेस 'क्वीन' नावाचे एक जहाज बांधवून घेतले. त्या कामावर देखरेख करण्यास मुंबईहून गेलेला अधिकारी डडली याच्या नजरेत तेथला एक पारशी मुकादम भरला. त्याचे नाव लवजी नसरवानजी. डडलीच्या आग्रहावरून लवजी १७३६ साली काही सुतार बरोबर घेऊन मुंबईस आला आणि जहाज बांधणारा या अर्थाचे 'वाडिया' हे आडनाव पुढे त्याच्या घराण्याला चिकटले. लवजीने मुंबईत बांधलेल्या जहाजांची वर्णने अनेकांनी केली आहेत. आम्हांस त्यांहून अधिक अर्थपूर्ण वाटते ती १७५० साली पुरी झालेली कोरडी गोदी. कारण गोदी ही मुख्यतः डागडुजीची सोय होय. भरतीला जहाज आत घ्यावे, दरवाजा लावावा, पाणी काढून टाकावे आणि एरवी पाण्याखाली असणारे जहाजाचे पोट उघड्यावर तपासावे, हा तिचा उपयोग. तत्पूर्वी हे काम ओहोटीच्या भरवशावर चाले. जहाज चिखलावर टेकवून, एका कुशीवर कलंडवून, पाणी परत येण्याच्या आत जेवढे होईल तेवढे करावयाचे. गोदी आली आणि पूर्व समुद्रावरील इंग्रजी आरमाराला घरी न परतता जहाजे दुरुस्त करण्याची सोय झाली. १७८२-८३ च्या हिवाळ्यात अॅडमिरल ह्यूजने फ्रेंचांशी झालेल्या लढायांत जर्जर झालेले आपले आरमार मुंबईसच आणून सावरले. मुंबईचे महत्त्व वाढण्याची कारणे अनेक आहेत. परंतु मोडलेली जहाजे जेथे दुरुस्त होतात तेच बंदर अखेर टिकून राहते, हे त्यांतले एक कारण इतिहासकारांनी अधिक ठळकपणे नोंदवावयास हवे होते असे आम्हांस वाटते.

याच घराण्यातील जमशेटजी बमनजी यांनी बांधलेल्या 'ट्रिंकोमाली' या फ्रिगेटची हकीकत आमच्या विषयास फार उपयोगी आहे. पारशी रीतीप्रमाणे तिच्या पठाणात, म्हणजे तळाच्या कण्यात, चांदीचा खिळा ठोकला गेला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती मुंबईस पाण्यात उतरली. १८१९ मध्ये ती इंग्लंडास पोचली तेव्हा नेपोलियनशी चाललेली युद्धे संपली होती आणि आरमारास तिची गरज उरली नव्हती. १८४५ पर्यंत ती राखीव म्हणून नुसती उभी होती. पुढे काही वर्षे तिने चाकरी केली, नंतर शिकाऊ खलाशांच्या कवायतीसाठी ती बंदरात बांधून ठेवण्यात आली, आणि १८९७ साली मोडीत विकली गेली. येथेच तिची कथा संपावयाची; पण तसे झाले नाही. व्हीटली कॉब नावाच्या एका धनिकाने ती मोडीतून विकत घेतली. या गृहस्थाने त्याआधी नेल्सनचे 'फूद्रायां' हे जुने जहाज असेच मोडणाऱ्यांच्या हातून सोडविले होते, आणि ते त्याच १८९७ साली वादळात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटले. माणसाने हात टेकावेत असाच तो प्रसंग. कॉबने त्याऐवजी दुसरे जुने जहाज घेतले, त्याला पहिल्याचे नाव दिले आणि मुलांच्या शिक्षणासाठी ते वापरात आणले. १९८६ पर्यंत ते त्या कामी आले. १९८७ मध्ये तराफ्यावर चढवून ते हार्टलपूल येथे नेण्यात आले, १९९० ते २००१ अशी अकरा वर्षे त्याचे पुनरुज्जीवन चालले आणि त्याला त्याचे मूळ नाव परत मिळाले. आज ते तेथे तरंगत उभे आहे. सुरतेच्या विद्येचा तो एक नमुना आहे, आणि तो पाहण्यासाठी आपल्याला इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर जावे लागते.

दुसरी कथा सुरतेच्या अधिक जवळची, आणि गोमंतकीय वाचकांना अधिक जिव्हाळ्याची आहे. सुरतेच्या दक्षिणेस दमण येथे पोर्तुगीजांची गोदी होती, आणि नगर हवेलीचा साग तिच्या हाताशी होता. 'दों फर्नांदू दुसरा ई ग्लोरिया' ही पन्नास तोफांची फ्रिगेट तेथे बांधली गेली. २२ ऑक्टोबर १८४३ रोजी ती पाण्यात उतरली, तिच्या डोलकाठ्या व दोरखंड गोव्यास चढविण्यात आले, आणि २ फेब्रुवारी १८४५ रोजी तिने गोव्याहून लिस्बनचा पहिला प्रवास सुरू केला. पोर्तुगीज नोंदींत तिच्या कामावरील देशी मिस्त्रीचे नाव 'यादो सेमोजी' असे लिहिलेले आहे. त्याच्या घरी त्याला कोणत्या नावाने हाक मारीत असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. १८७८ पर्यंत ती समुद्रावर होती, नंतर तोफखान्याची शाळा झाली आणि अखेरच्या काळात गरीब मुलांचे विद्यालय झाली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा व दमण मुक्त झाले. पुढे दीड वर्षही लोटले नाही तोच, एप्रिल १९६३ मध्ये, ही दमणची फ्रिगेट लिस्बनजवळ आगीत सापडली. जळका सांगाडा ताग्यूस नदीच्या चिखलात जवळजवळ तीस वर्षे पडून होता. १९९२ मध्ये तो वर काढण्यात आला, पाच वर्षे त्यावर काम झाले आणि १९९८ च्या लिस्बन येथील जागतिक प्रदर्शनात ती फ्रिगेट पुन्हा लोकांसमोर आली. आज ती अलमाडा येथे आहे.

या दोन नौकांमधील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. पहिलीत दुर्लक्ष झाले, पण तिच्यावर कोणाचा ना कोणाचा वावर अखंड होता. म्हणून तिच्या सांगाड्यात मुंबईच्या गोदीतले लाकूड पुष्कळ राहिले. दुसरी जळली, बुडाली आणि तिचा मोठा भाग नव्याने घडवावा लागला. मग दुसरीला दमणची म्हणावे काय? ग्रीक लोकांनी थीसियसच्या नौकेविषयी हाच वाद घातला होता, असे प्लूटार्क सांगतो. अथेन्सवासी कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवीत गेले. सर्व फळ्या बदलल्यावर ती नौका तीच की दुसरी, यावर तत्त्वज्ञांची दोन तटे पडली.

आम्ही तत्त्वज्ञ नव्हे, वकील आहोत. आणि कायद्याला या बाबतीत कामापुरते उत्तर द्यावेच लागते. जहाज विकले, नाव बदलले, शीड काढून इंजिन बसविले, म्हणून त्यावरचे कर्ज बुडत नाही. १९५८ च्या आपल्या व्यापारी नौवहन कायद्याने जहाजात महत्त्वाचा फेरफार झाला तर त्याची नोंद करण्याची व्यवस्था केली होती. याचा अर्थ असा की, फेरफाराची नोंद अखंड असेल तर कायदा त्या जहाजाला तेच मानतो. त्याहूनही सूक्ष्म विचार १८७२ च्या करार कायद्याच्या १७० व्या कलमात आहे. ज्या कारागिराने सोपविलेल्या वस्तूवर श्रम आणि कौशल्य खर्च केले, त्याला उलट करार नसेल तर आपला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू आपल्यापाशी ठेवून घेता येते. हे कलम मजुरीच्या वसुलीसाठी आहे हे आम्ही जाणतो. तरीपण त्यामागे एक जुनी न्यायबुद्धी आहे : डागडुजी करणारा हा वस्तूला परका राहत नाही, त्याच्या हाताचा काही अंश तिच्यात उतरतो. २०१७ च्या नौकाधिकरणविषयक कायद्यानेही जहाजाची बांधणी, पुनर्बांधणी व दुरुस्ती यांतून उद्भवणारे दावे खुद्द जहाजावर चालविण्याची मुभा दिली आहे, आणि ती अधिकारिता ज्या उच्च न्यायालयांना दिली त्यांत मुंबईबरोबर गुजरातही आहे.

विकत घेणाऱ्याला मात्र कायदा फारसा आधार देत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचे १६ वे कलम काही अपवाद सोडल्यास मालाच्या गुणवत्तेची कोणतीही अध्याहृत हमी मानीत नाही. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे, हा त्याचा इत्यर्थ. म्हणून जुनी नौका घेताना रंगाकडे पाहू नये. नवा रंग हा पुष्कळदा जुन्या पापावरचे पांघरूण असतो. लाकडी नौका असेल तर अरीचे टोक फळ्यांच्या टोकांशी, पठाणाशी आणि पाण्याच्या रेषेजवळ दाबून पाहावे. ते सहज आत गेले तर लाकूड सडलेले समजावे. लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. सुक्या, निरोगी फळीचा आवाज खणखणीत असतो, पोकळ फळी भद्द वाजते. खिळ्यांच्या डोक्यांभोवती काळे डाग दिसले तर आत गंज लाकूड पोखरीत आहे. फायबरची नौका असेल तर लाकूड सडण्याचे भय नाही असे मानू नये. तिच्या आतील लाकडी आधारांत पाणी शिरलेले असू शकते, आणि ते बाहेरून दिसत नाही. यांत्रिक शक्तीने चालणारी नौका तापीसारख्या नदीत उतरवावयाची तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमाप्रमाणे तपासणी व नोंदणी यांचाही विचार खरेदीपूर्वीच करावा.

इंजिनाची गोष्ट निराळी. डाइमलर व मायबाख यांनी १८८६ साली नेकार नदीवर मोटारीची नाव चालवून दाखविली, तेव्हापासून नौकेच्या पोटात एक नवा प्राणी राहावयास आला आणि त्याबरोबर नवे रोगही आले. बंद पडलेले इंजिन प्रथम सुरू करून पाहण्याचा मोह होतो, तो आवरावा. आत गंजलेल्या भागांना जोराने फिरविले तर जे वाचले असते तेही मोडते. आधी सिलिंडरांत तेल सोडावे, काही दिवस ते मुरू द्यावे, मग हाताने सावकाश फिरवून पाहावे. थंड करण्यासाठी जे खारे पाणी खेळते त्याच्या वाटा क्षाराने बुजलेल्या असतात, पंपातील रबरी पात्या सुकून तडकलेल्या असतात, टाकीत गाळ बसलेला असतो. ही सर्व वाट मोकळी झाल्यावरच चावी फिरवावी. सुरतेच्या सुताराचा शेंदूर आणि यंत्रमिस्त्रीचे तेल यांत आम्हांस एकच धर्म दिसतो : वस्तूवर जोर करण्यापूर्वी ती कोठे अडते आहे हे शोधावे.

आता या विद्येतले मर्म. जुनी नौका अंगणात चढविली म्हणजे तिला पठाणाखाली सारखे आधार द्यावे लागतात, नाहीतर ती आपल्याच भाराने वाकते. तिला कडक उन्हात न ठेवता सावलीत हळूहळू सुकवावे लागते. आणि फळ्या बदलताना, शक्यतो, एका वेळी एकच फळी काढावी लागते. हा नियम कोणाही जाणत्या मिस्त्रीच्या तोंडून ऐकावयास मिळतो, आणि त्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. बाकीच्या फळ्या नौकेचा आकार धरून ठेवतात. नवी फळी त्या आकाराला जुळवून बसवावयाची असते. उत्साहाच्या भरात सगळ्या सडक्या फळ्या एकदम काढल्या तर वाक आपल्या जागा सोडतात, आणि मग कितीही चांगले लाकूड आणले तरी जी उभी राहते ती दुसरीच कोणती तरी नौका असते. थीसियसच्या प्रश्नाचे उत्तर ग्रीकांना वादात सापडले नाही; सुताराला ते आपल्या नियमात सापडले होते. फळी जुनी की नवी, यावर नौकेची ओळख अवलंबून नाही. नवी फळी बसताना जुन्या फळ्यांनी आकार धरून ठेवला होता काय, यावर ती अवलंबून आहे.

हीच कसोटी आम्ही विद्येलाही लावतो. १७३६ साली लवजी मुंबईस आला तो एकटा आला नाही, जाणते सुतार घेऊन आला. म्हणून मुंबईस विद्या रुजली. त्याच्या घराण्यात बाप काम करी तेव्हा मुलगा शेजारी उभा असे, आणि एका पिढीने हत्यार खाली ठेवण्यापूर्वी दुसरीने ते उचललेले असे. दीडशे वर्षे मुंबईची गोदी त्यावर चालली. सुरतेच्या बंदराची अवनती अनेक कारणांनी झाली. तापीचे मुख गाळाने भरत गेले, मोगली सत्ता ढासळली, व्यापार मुंबईस गेला. पण या यादीत जाणते हात निघून गेले हेही एक कारण घालावे लागेल. अलीकडच्या दशकांत आपल्या किनाऱ्यावर सागाच्या नौकांची जागा फायबरने घेतली. कोळी बांधवांना दोष देण्याचे काही कारण नाही. साग महागला, फायबर हलके, त्याची निगा सोपी. परंतु लाकडी मचवे गेले म्हणजे केवळ मचवे जात नाहीत. कालापत्तीचा मुलगा बापाशेजारी उभा राहण्याचे थांबतो, आणि आकार धरून ठेवणारी जुनी फळी नवी बसण्यापूर्वीच निखळते.

खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचे अंतर फार मोठे आहे. भावनगरच्या बाजूस ते दहा मीटरांवर जाते. या एकाच निसर्गदत्त शक्तीचा आपल्या देशाने दोन प्रकारे उपयोग केला. एका काठावर सुरतेचे सुतार ओहोटीला जहाज चिखलावर टेकवून, पाणी परत येण्यापूर्वी त्याला आयुष्याची आणखी काही वर्षे देत. समोरच्या काठावर आज तीच भरती जहाजाला शेवटच्या वेळी किनाऱ्यावर चढविते. अलंगच्या धंद्याला आम्ही नावे ठेवीत नाही; पोलादाचे जहाज कोठेतरी मोडावेच लागते, हजारोंचे पोट त्यावर आहे, आणि २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या आखाताच्या दोन काठांवर या दोन विद्या राहिल्या, तेथे दुसरीचा हिशेब पोलादाच्या वजनात मिळतो आणि पहिलीचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

तो ठेवता येणार नाही असे नाही. त्यासाठी फ्रिगेट विकत घेण्याची किंवा अकरा वर्षांचा खर्च सोसण्याची गरज नाही. जो कोणी सुरतेत, दमणला, वसईस, मालवणास वा मडगावास एखादी जुनी नौका अंगणात घेऊन बसला असेल, त्याने दोन गोष्टी कराव्यात अशी आमची सूचना आहे. पहिली, काढलेल्या प्रत्येक फळीची, तिच्या जागेसह, वहीत नोंद करावी, आणि ती फळी जिने बदलली त्या हाताचे नाव त्याच ओळीत लिहावे. ते त्याच्या घरी हाक मारतात तसे लिहावे, म्हणजे पुढे कोणाला यादो सेमोजीचे खरे नाव शोधीत बसावे लागणार नाही. दुसरी, मिस्त्रीला कामावर बोलावताना त्याच्याबरोबर एखाद्या शिकाऊ मुलालाही बोलवावे आणि त्याचीही मजुरी द्यावी. खर्च थोडा वाढेल. पण नौका एकदा दुरुस्त होते, आणि तो मुलगा पुढे कित्येक दुरुस्त करील.

लाकडी नौका पुष्कळ दिवसांनी पाण्यात उतरविली म्हणजे पहिल्या रात्री ती गळते. सुकलेल्या फळ्यांमध्ये बारीक फटी पडलेल्या असतात, त्यांतून पाणी झिरपते, आणि नवख्या मालकाला सर्व श्रम फुकट गेले असे वाटते. जाणता मिस्त्री अशा वेळी घाबरत नाही. तो पंप हाताशी ठेवतो, अधूनमधून पाणी उपसतो आणि लाकडाला वेळ देतो. काम नीट झाले असेल तर फळ्या पाणी पितात, फुगतात, एकमेकींना घट्ट मिठी मारतात, आणि एकदोन दिवसांत गळती आपोआप थांबते. तोवर रात्रभर नौकेपाशी जागत बसावे लागते, आणि त्या जागरणाची मजुरी कोणत्याही बिलात लिहिलेली नसते.